चाळीस दिवसांचे व्रत आणि मराठी ख्रिस्ती मन

(सिन्नर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ, त्याच्या अखेरीस येणारा पवित्र सप्ताह आणि पुनरुत्थानाचा सण हा आजचा विषय आहे. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी होण्याचा मान ज्या नगरास मिळाला, गोंदेश्वराचे शिवपंचायतन ज्याच्या वैभवाची साक्ष देत आजही उभे आहे आणि त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघालेल्या निवृत्तिनाथांच्या पालखीचे पाय दरवर्षी ज्याच्या वाटेला लागतात, त्या गावात हा विषय मांडताना मला परकेपणा वाटत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने हे व्रत ज्या रीतीने पाळले त्या रीतीवर या भूमीची छाप इतकी खोल आहे की केवळ पाश्चात्त्य ग्रंथ वाचून ती कोणास कळणार नाही, असे माझे मत आहे, आणि तेच आज मी आपणापुढे सविस्तर ठेवणार आहे.

ज्यांचा ख्रिस्ती पंचांगाशी परिचय नाही त्यांच्यासाठी आधी कालगणनेचे दोन शब्द सांगतो. नाताळ २५ डिसेंबरला खिळलेला आहे; पुनरुत्थानाचा सण, ज्याला आपण ईस्टर म्हणतो, तो मात्र चंद्राच्या गतीने चालतो. सर्वांनी हा सण एकाच रविवारी करावा असे निकेया येथील धर्मपरिषदेने ३२५ साली ठरविले, आणि पुढे रूढ झालेल्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पाठचा रविवार हा त्याचा दिवस ठरला. म्हणून तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. आता ही पौर्णिमा आपल्या पंचांगात कोणती, हे पाहू गेल्यास ती एक तर फाल्गुनी असते, नाही तर चैत्री. २०२४ साली ईस्टरच्या आधीचा, येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या स्मरणाचा झावळ्यांचा रविवार आणि होलिकादहन एकाच दिवशी, २४ मार्चला आले. २०१५ साली ३ एप्रिलला येशूच्या क्रुसावरील मृत्यूचा उत्तम शुक्रवार, ४ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ एप्रिलला ईस्टर असा क्रम होता. ज्या चांदण्यात गावोगावी होळी पेटते किंवा मारुतीच्या पारावर पहाटे सुंठवडा वाटला जातो, त्याच चांदण्यात ख्रिस्ती घरांत क्रुसाच्या कथेचे वाचन चाललेले असते, आणि शेजारच्या घरास बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

या सणाच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाच्या स्मरणाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास नाही, म्हणून सहा रविवार वजा जाऊन बरोबर ४० उरतात. येशूने आपल्या कार्यास प्रारंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून मोहाशी झुंज दिली, त्याचे हे अनुकरण. जुन्या करारातील मोशे आणि एलीया यांच्या चरित्रांतही हेच चाळीस दिवस येतात.

राखेचा हा विधी गोंदेश्वराच्या गावी समजावून सांगावा लागू नये. कपाळी भस्म लावणे येथे कोणास नवे नाही. तरी दोहोंत एक भेद आहे, आणि तो भेद जपला पाहिजे. शिवभक्ताचे भस्म हे त्याच्या दैवताचे भूषण आहे, तो ते अभिमानाने धारण करतो. ख्रिस्ती माणूस ही राख कपाळावर घेतो ती आपण मातीचे आहोत आणि मातीस मिळणार आहोत, तोवर आपला मार्ग सुधारून घ्यावा, या जाणिवेने. ही राख येते कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत नेलेल्या आणि मग वर्षभर घरात जपलेल्या झावळ्या मंदिरात परत आणून जाळतात, आणि त्यांचीच राख चाळून पुढल्या व्रताच्या प्रारंभी कपाळी लागते. जयजयकाराची पाने वर्षाने पश्चात्तापाची राख होतात, ही योजना ज्या कोणा पूर्वसूरीला सुचली त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

आमच्या नाशिक जिल्ह्यात माडाच्या झावळ्या कोठून मिळणार? ओढ्यांच्या काठी शिंदीची झाडे असतात, तीच आमची खजुरी. माझी आई आदल्या संध्याकाळी शिंदीची कोवळी पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी, म्हणजे ती मोडत नसत. मग कंदिलाजवळ बसून एक लांब पान मध्यावर दुमडायचे, त्याचे दुसरे टोक आडवे घालून दोनदा वळसा द्यायचा, आणि उरलेले टोक मागच्या घडीतून ओढून घट्ट करायचे, की बोटभर लांबीचा क्रूस तयार. शिंदीच्या पानाचे टोक काट्यासारखे टोचते; तिच्या अंगठ्याला एखादा तरी ओरखडा येईच, आणि ती तो पदराला पुसून पुढले पान घेई. शेजारच्या मुलांनाही हे क्रूस हवे असत, आणि ती ते देई. सकाळी पाळकांच्या मागे ढोलकी-झांज वाजवीत, झावळ्या हलवीत मंडळी निघाली की पाहणाऱ्याला दिंडीच निघाली असे वाटावे.

परंतु येथे एका ऐतिहासिक गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. हा उपवासकाळ आपल्या भागातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना वारशाने सारखाच मिळालेला नाही. सिन्नर हे वाटेवरचे गाव. येथून वायव्येस नाशिक, जेथे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली शरणपूर वसविले. ती मंडळी अँग्लिकन पंथाची, म्हणून तिच्या प्रार्थनापुस्तकात उपवासकाळ, पवित्र सप्ताह, प्रत्येक दिवसाचे नेमलेले वाचन, असे सर्व काही होते. दक्षिणेस संगमनेरावरून नगरकडे जावे तर तिकडे रोमन कॅथलिक जेझुइट धर्मगुरू, ज्यांच्यापाशी या काळाचे नेमनियम आणखी तपशीलवार. आणि खुद्द नगरात १८३१ पासून ठाण मांडलेले अमेरिकन मराठी मिशन, ज्याचे मूळ बोस्टनच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत होते. या अमेरिकनांचे प्युरिटन पूर्वज सणावारांचे इतके कडवे विरोधक की मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठोठावणारा कायदा केला होता. नेमलेल्या उपवासांना पवित्र शास्त्रात आधार नाही, ते मनुष्याने घातलेले ओझे आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणजे एकाच मुलखात, बैलगाडीच्या काही दिवसांच्या अंतरावर, एका मंडळीत राखेचा बुधवार गांभीर्याने पाळला जाई आणि दुसरीत त्या बुधवारी शाळा व शेते नित्याप्रमाणे चालत.

आज पाहावे तर हा भेद जवळजवळ मावळला आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळीची स्थापना होऊन अँग्लिकन आणि इतर अनेक पंथ एक झाले, हे त्याचे एक कारण आहेच. पण केवळ घटना बदलून लोकांची व्रते बदलत नसतात. माझी समजूत अशी की प्युरिटन परंपरेत वाढलेल्या मराठी मंडळ्यांनाही या काळाची ओढ लागली ती मिशनच्या दफ्तरातून नव्हे, तर घरच्या संस्कारातून. ज्यांच्या आज्या एकादशी धरीत, ज्यांच्या गावी श्रावणात पोथी लागे आणि सप्ताहाचा वीणा सात दिवस खाली ठेवला जात नसे, त्यांना देवासाठी ठरावीक दिवस राखून ठेवण्याची कल्पना कोणी शिकवावी लागली नाही. नगरच्या मंडळीत एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत जे मानाचे स्थान दिले, त्यामुळे क्रुसाची कथा हार्मोनियम-तबल्याच्या साथीने, पूर्वरंग-उत्तररंग धरून सांगितली जाऊ लागली. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या आणि सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या या बाईने येशूच्या यातना ओव्यांत गुंफाव्या, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने जितकी अभिमानाने सांगावी तितकी सांगितलेली नाही.

आणि ही परंपरा टिळकांपासूनही सुरू होत नाही. १५७९ साली गोव्यास आलेला फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टीच्या खेड्यांतून आयुष्य घालवीत असता त्याच्या ध्यानी आले, की नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली, पण त्यांच्या कानांची ओवीची भूक गेली नाही. ती भूक भागविण्यासाठी त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, आणि दुसऱ्या भागात येशूचे चरित्र त्याच्या यातना, मृत्यू व पुनरुत्थानासह. देवळात धर्मगुरू लॅटिनमध्ये मिस्सा करीत असता लोक ओवीत दुःखभोगाची कथा ऐकत होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. तरी ग्रंथ नाहीसा झाला नाही, हस्तलिखितांच्या रूपाने तो कोकण-कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत जपला गेला आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. रोमने प्रादेशिक भाषांतील उपासनेला मोकळीक दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, म्हणजे १९६३ नंतर. मराठीने त्याआधी साडेतीनशे वर्षे क्रुसाची कथा आपल्या छंदात बसविली होती, हे ऐकून कोणाही मराठी माणसाचा ऊर भरून यावा.

हे व्रत कसे टिकले यासाठी वसईची हकीकतही थोडक्यात सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तहाच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, आणि पेशव्यांच्या अंमलात तेथील देवळे देशी धर्मगुरूंनी चालविली. उपवासकाळ परदेशी राजसत्तेच्या आधारावाचून टिकतो की नाही, याची परीक्षा तेथे झाली, आणि तो टिकला.

आता व्रताच्या अंतरंगाकडे येतो, कारण मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ तेथे आहे. उपवासकाळ म्हणजे मांस-मासळी वर्ज्य, लग्नकार्य वर्ज्य, एवढीच समजूत पुष्कळ ख्रिस्ती घरांतही होऊन बसली आहे. कॅथलिकांचा नियम १९६६ पासून इतका सौम्य झाला आहे की राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपवास सक्तीचा. याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. मला ती तक्रार पटत नाही. नियम किती कडक यापेक्षा वाचलेल्या घासाचे काय केले, हा प्रश्न जुना आणि अधिक मोलाचा आहे. दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे ती अशी: त्या दिवशी भाकर आणि पाणी एवढ्यावरच राहावे, जे अन्न खाल्ले असते त्याची किंमत हिशेबाने काढावी, आणि ती विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी. या रीतीत देवाशी सौदा नाही आणि देहाला दंडही नाही. आपल्या ताटातून एक वाटा उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवणे, आणि त्या निमित्ताने त्याच्या भुकेची ओळख करून घेणे, इतकेच आहे. ज्या घरांत चाळीस दिवस वेगळा डबा ठेवून त्यात रोजचे वाचलेले पैसे टाकले जातात आणि ईस्टरला तो डबा कोणा गरजूच्या औषधपाण्यासाठी उघडला जातो, त्या घरांनी हे व्रत पाळले असे मी म्हणेन, मग त्यांनी बोंबील खाल्ले असोत वा नसोत.

पवित्र सप्ताहाच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने गुरुपणाचे वस्त्र बाजूस ठेवले, कमरेस रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या स्मरणार्थ धर्मगुरू बारा जणांपुढे गुडघे टेकून त्यांचे पाय धुतो, पुसतो. रोममध्ये या बारांत केवळ पुरुषच असावेत असा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली एका बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले आणि २०१६ साली नियमच बदलला. वारकऱ्यांचे पाय धुणाऱ्या या मुलखाला यातला भाव लगेच कळेल. तरी मी थोडे पुढे जाऊन बोलतो. नाशिक-नगरकडील ख्रिस्ती मंडळ्यांतील बहुसंख्य घराणी त्या समाजांतून आली, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई. २ मार्च १९३० रोजी याच जिल्ह्यात काळारामाच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला तो त्याच अन्यायाविरुद्ध. जातीचे विष ख्रिस्ती मंडळ्यांतही शिरले. वेगळ्या बसण्या-उठण्याच्या, सोयरिकीच्या भिंती तेथेही होत्या, काही ठिकाणी आजही आहेत. म्हणून गुरुवारचा हा विधी आमच्याकडे नुसता सुंदर प्रसंग म्हणून पाहता येत नाही. ज्याच्या हातचे पाणी एके काळी चालत नव्हते त्याच्या पायांवर पाणी घालायला दुसऱ्याने खाली बसायचे आहे, आणि ते ज्या मंडळीत मनापासून घडत नाही तिने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, क्रुसावरील सात उद्गारांवर कितीही प्रवचने ऐकली तरी व्यर्थ.

त्या शुक्रवारी बारापासून तीनपर्यंत उपासना चालते. क्रुसावरून येशूने काढलेले सात उद्गार एकेक घेऊन सात वक्ते त्यावर बोलतात, मध्ये गीत, मध्ये मौन. ही प्रथा पेरू देशातील लिमा शहरी, १६८७ च्या भूकंपानंतर आलोन्सो मेसिया या जेझुइटाने सुरू केली. आज तिला कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीच अधिक जिव्हाळ्याने धरले आहे. वक्त्यांत पाळक असतात, शिक्षक असतात, एखादी परिचारिका असते. पंखे फिरत असतात आणि तरी चैत्राचा उन्हाळा भिंतींतून आत येतो. कॅथलिक मंडळी याच दिवशी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने उन्हातून चालत करतात, आणि गोव्यात तर गुरुवारच्या रात्रीपासून घंटा मुक्या होऊन त्यांच्या जागी लाकडी खटखट्यांचा कोरडा आवाज ऐकू येतो. मला मात्र या सर्वांत पाचव्या उद्गाराचा क्षण सर्वांत जड वाटतो: मरणाऱ्याने तहान लागल्याचे बोलून दाखविण्याचा. ज्या सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत याच दिवसांत बायका हंड्यांची रांग लावून टँकरची वाट पाहतात, तेथे या उद्गाराचे विवेचन करायला पांडित्य लागत नाही. एका वक्त्याने त्यावर बोलताना ग्रीक टीकाकारांचा एकही दाखला न देता, आपल्या गावच्या आटलेल्या विहिरीबद्दल सात-आठ मिनिटे सांगितले होते, आणि इतकी उचित व्याख्या मी दुसरी ऐकलेली नाही. हा दिवस शोकाचा आहे. शेजाऱ्याने त्या दिवशी शुभेच्छा न देता नुसते जवळ येऊन बसावे.

शनिवार शांततेचा. मग रविवारची पहाट. कॅथलिक मंदिरात रात्रीच नवा अग्नी चेतवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती पेटते. आमच्या मंडळ्या सूर्योदयापूर्वी कबरस्थानात जमतात. जर्मनीतील हेर्नहूट येथे १७३२ साली मोरेव्हियन पंथाच्या तरुणांनी अशी पहाटेची उपासना प्रथम केली, असे इतिहास सांगतो. आमच्याकडे ती आली आणि मराठी झाली. आदल्या दिवशी कबरींवरचे गवत काढलेले असते, चुना दिलेला असतो, झेंडूची फुले वाहिलेली असतात. लोक आपापल्या आईबापांच्या, लेकरांच्या कबरींजवळ उभे राहून पुनरुत्थानाचे गीत टाळांच्या ठेक्यावर गातात. शोकाच्या जागी जाऊन आनंद गाणे हे वरवर विपरीत दिसते. पण ख्रिस्ती श्रद्धेचा सारा गाभा त्या विपरीतातच आहे, आणि तो ज्याला पाहायचा असेल त्याने दुकानांत मांडलेल्या चॉकलेटच्या अंड्यांकडे न जाता त्या पहाटे कबरस्थानाच्या फाटकाशी यावे.

शरणपूरच्या एका विद्यार्थ्याची आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना शरणपुरात आश्रय व शिक्षण मिळे. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शोधमोहिमेत सामील झाला. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबो या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना याच तरुणाने वाचली. ती प्रार्थना पुनरुत्थानाच्या वचनानेच सुरू होते. मग सोबत्यांनी शव शेकडो मैल वाहून समुद्रकाठी आणले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरनंतर तेराव्या दिवशी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्ययात्रा झाली तेव्हा खांदा देणाऱ्यांत जेकब होता. गोदाकाठच्या शाळेत शिकलेली उपासना त्याने अरण्यात, कोणी धर्मगुरू जवळ नसता, आपल्या जबाबदारीवर पार पाडली. नाशिकच्या शाळांतून हे नाव मुलांना सांगितले जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

शेवटी सिन्नरच्या वाचकांस माझी एक विनंती आहे. येथे ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, भागवत लागते. येत्या उपवासकाळात एखादी संध्याकाळ येथील वाचनालयाने ‘ख्रिस्तपुराणा’तील दुःखभोगाच्या आणि ‘ख्रिस्तायना’तील त्याच प्रसंगाच्या ओव्यांसाठी द्यावी, आणि त्या वाचायला येथील कोणा कीर्तनकारबुवांनाच बसवावे, अर्थ सांगायला हवा असल्यास मी येईन. ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली संपादित केलेली आहे. ती मिळाली नाही तर माझ्याजवळची प्रत मी वाचनालयास पाठवीन, आणि चैत्री पौर्णिमेपर्यंत ती येथेच राहू द्यावी.